सल्ला हवा: २९ वा आठवडा, बाळाचे ठोके २३०, पुण्याला आजच जावं का?

कराडचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, घाईत टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या. बायकोला २९ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. आज रुटीन चेकअपला डॉक्टरांनी डॉपलर (ठोके ऐकायचं यंत्र) लावला तर ठोके मोजताच येईनात, मग सोनोग्राफी केली त्यात २३० आले, अर्ध्या तासाने परत बघितलं तरी तेवढेच. बाळाच्या अंगात कुठे पाणी नाहीये म्हणाले. इथे फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) होत नाही म्हणून पुण्याची चिठ्ठी दिलीये. घरचे म्हणतात सोमवारी जा, दोन दिवसात काय होतंय. हिला स्वतःला काहीच त्रास नाही, व्यवस्थित जेवतेय, त्यामुळे किती घाबरायचं तेच कळेना. आणि औषध म्हणे हिलाच देतात, अहो हिचं हृदय तर ठणठणीत आहे! कुणाला अनुभव आहे का, तिथे जाऊन काय विचारू?

रेवाची_आई
दादा सोमवार बिमवार काही नाही, आजच निघा. माझ्या वेळी ३१ व्या आठवड्यात २४० होते, पण त्याच्या आधीच्या व्हिजिटलाच जास्त लागले होते आणि तेव्हा "बाळ हलतंय म्हणून वाढलेत" म्हणून सोडून दिलं होतं. हलल्यावर वाढतात हे खरंय, पण थोड्या वेळात खाली येतात ना, आणि २४० तर होत नाहीत. आम्ही पुण्यात पोचलो तोवर रेवाच्या पोटात आणि छातीत पाणी झालं होतं. हृदय इतकं पळतं की मधे भरायलाच वेळ मिळत नाही, मग मागे रक्त तुंबतं आणि पाणी साठतं, असं मला तिथल्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. तुमच्याकडे अजून पाणी नाही ही लाखमोलाची गोष्ट आहे, ती घालवू नका.

गोदाकाकू
आमच्यात तर ठोके जास्त म्हणजे मुलगी म्हणतात 😊 काळजी करू नका, ताईंना नारळपाणी द्या.

सोनोवाला
काकू, मुलगा-मुलगीचा आणि ठोक्यांचा काही संबंध नाही, आणि असल्या गप्पा आमच्यासमोर तर नकोच, आम्ही प्रत्येक सोनोग्राफीला लिंगनिदान बंदीच्या कायद्याचा एफ फॉर्म भरून बसलेलो असतो.

कराडकर, नॉर्मल ११० ते १६०. १८०-१९० पर्यंत गेले तर आधी आईकडे बघतात, ताप आहे का, इन्फेक्शन, थायरॉईड, कळा थांबवायचं किंवा दम्याचं एखादं औषध चालू आहे का, तिथे कारण सुधारलं की ठोके आपोआप उतरतात. पण २२० च्या वर आणि घड्याळासारखे एकसारखे असतील तर बहुतेक वेळा बाळाच्या हृदयातल्या वायरिंगचाच घोळ असतो. त्यात मुख्य दोन प्रकार, एसव्हीटी म्हणजे करंट वरच्या आणि खालच्या कप्प्यांत गोल गोल फिरत राहतो, आणि फ्लटर म्हणजे वरचे कप्पे ४०० च्या आसपास फडफडतात आणि खालचे त्याच्या निम्म्याने. कुठला आहे ते फीटल इकोत वरचे-खालचे कप्पे एकाच वेळी बघून कळतं. म्हणून तिथे पहिला प्रश्न हाच विचारा, प्रकार कुठला. दुसरा, सतत आहे की येऊन जाऊन, कारण अधूनमधूनच येत असेल आणि बाळ चांगलं असेल तर कधी कधी नुसतं लक्ष ठेवतात. आईचं थायरॉईड तेवढं विचारून घ्या.

रेवाची_आई
औषधाचं मी सांगते. बाळाला थेट देता येत नाही म्हणून आईला देतात, आईच्या रक्तातून वारेतून बाळाकडे जातं. मला ॲडमिट करून आधी माझाच ईसीजी काढला, पोटॅशियम तपासलं, मग औषध. डिगॉक्सिन, फ्लेकेनाईड, सोटॅलॉल ही नावं ऐकाल. बाळाला पाणी झालं की डिगॉक्सिन वारेतून नीट पोचत नाही म्हणून मला फ्लेकेनाईड दिलं, त्याने चार दिवस डोळ्यासमोर धूसर दिसायचं, ते लगेच सांगायचं असतं, अंगावर काढायचं नाही. रोज ईसीजी, रोज इको. सहाव्या दिवशी १४५ आले तेव्हा मी आणि सिस्टर दोघी रडलो.

कराडचा_पाहुणा
ताई, मग लगेच सिझर करून बाळ बाहेर का नाही काढत? सासरे तेच विचारतायत.

सोनोवाला
२९ ला फुप्फुसं कच्ची असतात, त्यात पळणारं हृदय, म्हणजे एकाचे दोन त्रास. पोटात औषधाने ठोके आटोक्यात आले तर बाळ तिथेच वाढलेलं उत्तम. ३७ च्या आसपास असतात तर गोष्ट वेगळी होती. मात्र डिलिव्हरी एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) आणि लहान मुलांचे हृदयाचे डॉक्टर आहेत अशाच ठिकाणी ठरवा, जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत परत पळू शकतं.

रेवाची_आई
हो, रेवाचं तिसऱ्या दिवशी पळालंच होतं, डॉक्टरांनी तोंडावर बर्फाची पिशवी धरली आणि थांबलं! मी बघत होते, जीव गोळा झाला. मग वर्षभर ठोके आवरायचं औषध, प्रोप्रॅनोलॉल, चालू होतं, आता बंद, बालवाडीत जाते.

कराडचा_पाहुणा
गाडी सांगितली, तासाभरात निघतोय. आईला अजून पटलेलं नाही पण डबा भरतेय.

रेवाची_आई
आजची सोनोग्राफीची फाईल आणि हिच्या चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, आणि चिठ्ठीवर नंबर असेल तर निघायच्या आधीच तिथे फोन करा, शनिवारी इको कोण करतं ते माहीत असू द्या.

कराडचा_पाहुणा (मंगळवार)
एसव्हीटी निघालं. पाणी नाही. डिगॉक्सिन चालू झालंय, हिला मळमळतंय थोडं, सांगितलंय डॉक्टरांना. आज सकाळच्या इकोत पाच मिनिटं १५० आणि परत २२५. डॉक्टर म्हणाले हृदयाचं पळणं मधे मधे थांबायला लागलंय.