प्रतिसाद: संगत आणि निवड

‘वाईट संगतीमुळेच मुले बिघडतात’ या विधानातला ‘च’ मला खटकतो. मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ सालच्या प्रयोगात, पिवळा दिवा लागल्यावरही गाडी किती पुढे दामटायची हे ठरवण्याच्या संगणकीय खेळात, मित्र शेजारी असताना १३ ते १६ वयोगटातील मुलांनी पत्करलेला धोका सुमारे दुप्पट झाला, तर प्रौढांच्या खेळात फरक पडला नाही. म्हणजे प्रभाव आहेच. परंतु मुले मित्रही आपल्या कलानेच निवडतात, त्यामुळे टोळीत शिरण्याआधीच कोणाचे वर्तन कसे होते हे पाहिल्याशिवाय सगळा दोष मित्रांच्या (बहुधा शेजाऱ्यांच्या मुलाच्या!) माथी मारणे घाईचे आहे. शिवाय बिघडलेल्या मुलांचेच गट करून समुपदेशन केल्यास, नियम मोडल्याच्या किश्श्यांना मिळणारा हशा उलट परिणाम घडवू शकतो, असे डिशियन, मॅकॉर्ड व त्यांच्या सहसंशोधकाने १९९९ मध्ये दाखवले होते.