स्क्रीन काळी करायचा अधिकार एकाकडेच हवा

निशाचर
माझ्याकडे लिनक्सवर ओपनबॉक्स आहे, खिडक्या सांभाळणारा साधा प्रोग्रॅम. स्क्रीनसेव्हर टाकलेलाच नव्हता, तरी वाचता वाचता दर दहा मिनिटांनी मॉनिटर काळा. शेवटी टर्मिनलात 'एक्ससेट क्यू' ही पडद्याच्या सेटिंग दाखवणारी आज्ञा मारली. तळाशी डीपीएमएस, म्हणजे मॉनिटर झोपवून वीज वाचवायची सोय, चालू. स्टँडबाय, सस्पेंड, ऑफ, तिन्हीपुढे 600. सेकंद! म्हणजे पडद्यावर सगळं काढणाऱ्या एक्स सर्व्हरचं स्वतःचं घड्याळ टिकटिकत होतं.
ते 1800 केलं. मग हौसेने एक्सस्क्रीनसेव्हर हा हलती चित्रं दाखवणारा आणि पासवर्डचं कुलूपही लावणारा प्रोग्रॅम टाकला, तर त्याने माझे आकडे पुसून आपल्या फाइलीतले घातले. एका मॉनिटरला इतके मालक कशाला? डेस्कटॉपने एकच जागा ठेवावी, बाकीच्यांनी तिथे विचारावं.

सुटेभाग
साफ असहमत. चित्र हलवणं, मॉनिटर झोपवणं आणि कुलूप लावणं ही तीन कामं आहेत. एका हाती दिली की काय होतं ते गनोम 3 या डेस्कटॉपमध्ये पाहिलं: हलती चित्रं गेली, उरला काळा पडदा. आणि एक्सस्क्रीनसेव्हर चोरून काही करत नाही. डीपीएमएसचे आकडे त्याच्याच सेटिंगमध्ये भरा, असं त्याची माहितीपुस्तिका सांगते. वाचायचा कंटाळा हा प्रोग्रॅमचा दोष नव्हे.

निशाचर
वाचली हो, नंतर. पण दुसऱ्याचे आकडे बदलताना एक ओळ तरी दाखवायची!

कुलूपकिल्ली
तुम्ही दोघे वीज आणि चित्रांवर भांडताय. मला भीती वेगळीच आहे. मॉनिटर झोपला म्हणजे सत्र बंद झालं असं लोक धरून चालतात. पडदा काळा, दिवा मिणमिणतोय, माणूस निवांत उठून जातो. कोणीही माउस हलवला की उघडी मेल समोर! कुलूप लावणाऱ्या सेव्हरचा वेळ वीस मिनिटं आणि डीपीएमएसचा दहा, की मधली दहा मिनिटं हेच चालतं. म्हणून मी निशाचरांच्या बाजूने.

जुनाखोड
मुळात सेव्हर हवाच कशाला? जुन्या काचेच्या नळीवर डाग पडायचे तेव्हा ठीक होतं. एलसीडीत चित्र नाचत असताना मागचा उजेड चालूच असतो, वर पंखा घोंघावतो. ओलेडला जपायचं तर काळा पडदा पुरतो. सेव्हर काढा, भांडणच मिटलं.

सुटेभाग
मिटलं कुठे? निशाचरांकडे सेव्हर नव्हताच, तरी पडदा गेलाच की!

स्वेवाला
एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर या. इथे एक्ससेटचं राज्य नाही, सूत्रं कंपोझिटरकडे, म्हणजे खिडक्या जोडून पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रॅमकडे. व्हिडिओ प्लेअर 'झोपू नको' अशी विनंती त्यालाच करतो. माझा कंपोझिटर स्वे. कोणी काही हलवलं नाही की ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या स्वेआयडलमध्ये मी 300 सेकंदांना कुलूप आणि 600 ला पडदा बंद असं लिहिलंय. अर्थात पडदा परत चालू करणारी 'रिझ्यूम'ची ओळ विसरलो तेव्हा पडदा काही केल्या उजळेना. अंधारात पासवर्ड टाकून, चाचपडत आज्ञा टाइप केली.

निशाचर
कुलूपकिल्लींचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आताच पाहिलं: कुलूप तीस मिनिटांनी, पडदा दहाला. आधी ते उलटं करतो. आणि स्वेवाला, ती 'रिझ्यूम'ची ओळ इथे टाका.