३८ पीसींवर ऑफिसमधले प्रोग्राम काढायचे-घालायचे आहेत, प्रत्येक टेबलापाशी न जाता कसं करावं?

मकरपुरा_सिस्टिम
बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतलं युनिट आणि हालोलला छोटी शाखा. सगळे पीसी एकाच डोमेनवर, विंडोज १० आणि ११ मिसळ. २४ मशीनवर ऑफिस एलटीएससी प्रोफेशनल प्लस २०२१ आहे, १४ वर प्रोफेशनल प्लस २०१६, व्हॉल्यूम लायसन्सचं.

हवं ते असं: आउटलुक, पब्लिशर आणि स्काइप फॉर बिझनेस सगळीकडून काढायचं (मेल ब्राउझरमध्येच बघतात). ॲक्सेस फक्त अकाउंट्स आणि स्टोअर्सच्या ९ मशीनवर राहू द्यायचं. एचआरच्या ४ मशीनवर मराठी-गुजराती शुद्धलेखन तपासणी. आणि अकाउंट्स-स्टोअर्स सोडून बाकीच्यांचं व्हीबीए (मॅक्रोंची भाषा) बंद.

प्रश्न दोन. २०१६ साठी कस्टमायझेशन टूलने एमएसपी (बदलांची पॅच) फाइल बनवून ‘अपडेट्स’ फोल्डरमध्ये ठेवली तर पुरेल का? आणि २०२१ मध्ये कंट्रोल पॅनेलमधून ‘चेंज’ दाबलं की नुसते दोन रिपेअर दिसतात, ‘ॲड ऑर रिमूव्ह फीचर्स’ कुठे गेलं?

दांडियाबाजारकर
दोन्ही ऑफिस आतून १६ क्रमांकाचीच, पण बसवण्याची पद्धत पूर्ण वेगळी. व्हॉल्यूमचं २०१६ विंडोज इन्स्टॉलरने, म्हणजे एमएसआयने बसतं. २०१९ पासून पुढचं सगळं क्लिक-टू-रन, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नवी, आख्खं ऑफिस एकत्र बसवणारी पद्धत. एकाची युक्ती दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी यादी पक्की करा: वर्डमध्ये फाइल, मग अकाउंट. तिथे ‘अपडेट ऑप्शन्स’ बटण असेल तर क्लिक-टू-रन, नसेल तर एमएसआय. दूरून बघायचं तर सर्व्हिसेसमध्ये ‘क्लिक-टू-रन सर्व्हिस’ आहे का ते पाहा.

तुमच्या १४ मशीनबद्दल. ‘अपडेट्स’ फोल्डरमधली एमएसपी सेटअप फक्त पहिल्यांदा बसवताना वाचतो. ऑफिस आधीच असेल तर तिथे कितीही फाइली ठेवा, काही होत नाही. ती एमएसपी नंतर हाताने चालवली तर सेटिंग्ज बदलतात, पण फीचर काढणं-घालणं हे कॉन्फिग.एक्सएमएल फाइलचंच काम.

ती फाइल छोटीशी असते. बाहेरचा टॅग ‘कॉन्फिगरेशन’, त्यात प्रॉडक्ट ‘प्रोप्लस’. आत ‘डिस्प्ले’ची लेव्हल ‘नन’, कम्प्लीशन नोटिस ‘नो’, सप्रेस मोडल ‘येस’, ॲक्सेप्ट युला ‘येस’. मग काढायच्या प्रत्येक गोष्टीसाठी एक ‘ऑप्शनस्टेट’ ओळ: आयडी ‘आउटलुकफाइल्स’, स्टेट ‘ॲब्सेंट’, चिल्ड्रन ‘फोर्स’. ॲक्सेससाठी ‘ॲक्सेसफाइल्स’, पब्लिशरसाठी मात्र ‘पबप्रायमरी’, स्काइपसाठी ‘लिंककोअरफाइल्स’. ही नावं आठवणीतून लिहू नका. सोर्समध्ये ‘प्रोप्लस.डब्ल्यूडब्ल्यू’ फोल्डरातली सेटअप.एक्सएमएल उघडा आणि तिथून इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी, लहान-मोठी सांभाळून, उचला. परत घालायचं असेल तेव्हा ‘ॲब्सेंट’च्या जागी ‘लोकल’. शेवटी ‘सेटिंग’ ओळ: सेटअप_रीबूट ची व्हॅल्यू ‘नेव्हर’, नाहीतर काम चालू असताना मशीन रीस्टार्ट होईल.

चालवायचं असं: शेअरवरचा सेटअप, पुढे /मॉडिफाय प्रोप्लस, पुढे /कॉन्फिग आणि फाइलचा पूर्ण यूएनसी पत्ता (सर्व्हर आणि शेअरच्या नावाने लिहिलेला). फाइलमधलं प्रॉडक्ट आणि आज्ञेतलं प्रॉडक्ट एकच असायला हवं. परतीचा कोड ० म्हणजे झालं, ३०१० म्हणजे झालं पण रीस्टार्ट बाकी. १६०३ आला तर लॉग उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. सिस्टिम खात्याने चालवलं असेल तर लॉग विंडोजच्या टेम्प फोल्डरात शोधा, युजरच्या नव्हे.

सी ड्राइव्हवरचा लपवलेला ‘एमएसओकॅश’ फोल्डर (ऑफिसच्या सेटअप फाइलींची प्रत) जागा करण्यासाठी कुणी उडवला असेल तर सेटअप मूळ सोर्स मागतो. डिस्प्ले ‘नन’ असल्याने तो प्रश्न पडद्यावर येत नाही, काम नुसतं फसतं. म्हणून सोर्स शेअरवर कायम ठेवा. आणि नवं काही ‘लोकल’ केलं की त्या मशीनवर अपडेट्स पुन्हा तपासून घ्या. जो प्रोग्राम तिथे नव्हता, त्याचे पॅचही आलेले नसतात.

रावपुरा_रूट
२०२१ चं मी सांगतो. ‘ॲड ऑर रिमूव्ह फीचर्स’ कुठे गेलं नाही, क्लिक-टू-रनमध्ये ते नाहीच. इथे बारीक फीचर काढता येत नाही, आख्खं ॲपच वगळता येतं. साधन म्हणजे ऑफिस डिप्लॉयमेंट टूल: एक सेटअप आणि तुमची एक्सएमएल.

‘ॲड’ टॅगमध्ये एडिशन ६४ किंवा ३२ (आहे तेच, बदलू नका), चॅनल ‘परपेच्युअलव्हीएल२०२१’, सोर्सपाथ तुमचा शेअर, आणि व्हर्जन ‘मॅचइन्स्टॉल्ड’. आत प्रॉडक्ट आयडी ‘प्रोप्लस२०२१व्हॉल्यूम’, भाषा ‘ईएन-यूएस’, खाली ‘एक्सक्लूडॲप’च्या ओळी. मग सेटअप /कॉन्फिगर आणि फाइलचं नाव.

बहुतेक गोंधळ होतात ते इथे. एक्सक्लूडॲपची यादी म्हणजे ‘आज हे काढा’ असा हुकूम नाही, ‘शेवटी हे नसावं’ असं पूर्ण चित्र आहे. आज फक्त आउटलुक लिहिलंत आणि पूर्वी वगळलेलं वननोट लिहायचं राहिलं, तर आउटलुक जाईल आणि वननोट परत येऊन बसेल. म्हणून ‘आउटलुक काढणारी फाइल’, ‘पब्लिशर काढणारी फाइल’ असा संसार थाटू नका. गटाप्रमाणे दोनच फाइली ठेवा. सर्वसाधारण गटात वगळा: ॲक्सेस, आउटलुक, पब्लिशर, लिंक, ग्रूव्ह, आणि टीम्स, वनड्राइव्ह, वननोट यातलं जे नको ते. अकाउंट्स-स्टोअर्सच्या फाइलमध्ये हीच यादी, फक्त ॲक्सेसची ओळ नाही. ॲक्सेस परत द्यायचं म्हणजे ती ओळ नसलेली फाइल चालवायची, ‘ॲड ॲक्सेस’ अशी आज्ञा नाही.

स्काइप फॉर बिझनेसचं आतलं नाव अजून जुनंच आहे: एल-वाय-एन-सी. ‘स्काइप’ लिहून काही वगळलं जात नाही. ‘ग्रूव्ह’ म्हणजे वनड्राइव्ह फॉर बिझनेसचा जुना क्लायंट.

व्हर्जन ‘मॅचइन्स्टॉल्ड’ लिहिलं नाही तर एक ॲप बदलताना सगळं ऑफिसच नव्या बिल्डवर जाऊ शकतं. पण मग शेअरवर त्याच बिल्डच्या फाइली हव्यात. नसतील तर काम अडतं, किंवा ‘अलाऊ सीडीएन फॉलबॅक’ (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून घेण्याची मुभा) चालू असेल तर प्रत्येक मशीन इंटरनेटवरून ओढत बसतं.

/कस्टमाइझ या स्विचच्या नावाला भुलू नका. त्याने फक्त ॲपची सेटिंग्ज बदलतात, बसवलेलं ॲप जात-येत नाही.

एखादं ऑफिस ॲप उघडं असेल तर बदल अडतो. ‘फोर्सॲपशटडाउन’ प्रॉपर्टी ‘ट्रू’ केली की ते बंद होतं, पण न साठवलेल्या कामासकट. दुपारी अडीचला हे चालवाल तर अकाउंट्सवाले तुम्हाला शोधत येतील.

झालं का ते बघायला रजिस्ट्री: एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, क्लिकटूरन, कॉन्फिगरेशन. तिथे ‘प्रोप्लस२०२१व्हॉल्यूम.एक्सक्लूडेडॲप्स’ या व्हॅल्यूत वगळलेल्यांची यादी स्वल्पविरामाने मिळते. ३८ ठिकाणी आयकॉन मोजण्यापेक्षा हे बरं.

मकरपुरा_सिस्टिम
दोघांचे आभार. म्हणजे २०२१ साठी दोन फाइली, २०१६ साठी दोन. आता हे पोचवायचं कसं? ग्रुप पॉलिसीची (डोमेनवरून सगळ्या पीसींना सूचना देण्याची सोय) स्टार्टअप स्क्रिप्ट चालेल ना? हालोलची लाइन अगदी बारीक आहे, तिथे ५ मशीन.

शेअर_आधी_तपासा
स्टार्टअप स्क्रिप्ट चालते, पण तीन खड्डे आहेत.

एक, ती युजरच्या नव्हे, मशीनच्या खात्याने चालते. शेअरवर आणि फोल्डरवर, दोन्हीकडे ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला वाचण्याची परवानगी द्या. तुमच्या लॉगिनने हाताने चालवलं की चालतं आणि स्क्रिप्टमधून नाही, तर पहिला संशय इथेच. मॅप केलेली ड्राइव्ह अक्षरंही तिथे नसतात.

दोन, ग्रुप पॉलिसी स्क्रिप्टला मुळात ६०० सेकंद मिळतात, म्हणजे १० मिनिटं. काढणं त्यात बसेल, ॲक्सेस नव्याने घालणं हळू मशीनवर बसेलच असं नाही आणि अर्ध्यात तुटेल. कमाल वेळ पॉलिसीतूनच वाढवता येतो.

तीन, विंडोज १० आणि ११ मधलं फास्ट स्टार्टअप. लोक संध्याकाळी शटडाउन करून सकाळी चालू करतात ते खरं बूटच नसतं, स्क्रिप्ट चालत नाही. ‘रीस्टार्ट’ केलं तरच चालते.

या कारणांनी मी ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून शेड्यूल्ड टास्क द्यायला सांगेन: सिस्टिम खात्याने, रात्री साडेआठला, ‘वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव’ ही खूण न लावता. ती लावलीत तर पीसी सकाळी चालू होताच काम सुरू होईल आणि लोक टेबलावर बसलेले असतील. स्क्रिप्टच्या सुरुवातीला रजिस्ट्रीतली ती व्हॅल्यू वाचा, यादी हवी तशी असेल तर तिथूनच बाहेर पडा, म्हणजे रोज चालली तरी त्रास नाही. २०१६ च्या मशीनवर ती व्हॅल्यू नसते, तिथे काम यशस्वी झाल्यावर आपलीच एक खूण रजिस्ट्रीत लिहा.

हालोलसाठी: सेटअपच्या /डाउनलोडने तयार केलेला आख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर नेऊन तिथल्या एका पीसीवर शेअर करा, आणि त्यांच्या फाइलमध्ये सोर्सपाथ तोच लिहा. फोल्डर काही जीबींचा आहे, तो लाइनवरून पाठवत बसू नका.

पहिल्या रात्री दोनच मशीन घ्या, एक २०१६ आणि एक २०२१. बाकीची उत्तरायण-वासी उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला. सगळे गच्चीवर असतात. मशीन मात्र चालू ठेवून जायला सांगा.

जुना_डेटाबेस
ॲक्सेसबद्दल एक. स्टोअर्सचा डेटाबेस ३२ बिटवर बनलेला असेल आणि कोडमध्ये विंडोजच्या फंक्शनांसाठी ‘डिक्लेअर’ ओळी असतील, तर ६४ बिट ॲक्सेसमध्ये ‘पीटीआरसेफ’ लिहिल्याशिवाय त्या चालत नाहीत. ९ मशीनची बिट आधी तपासा. नुसता डेटाबेस वापरणाऱ्यांना, म्हणजे फॉर्म-रिपोर्ट न बदलणाऱ्यांना, ॲक्सेस रनटाइम फुकट मिळतं, तेवढंही पुरतं.

रावपुरा_रूट
राहिलेले दोन मुद्दे. शुद्धलेखन: २०२१ साठी वेगळं प्रॉडक्ट, आयडी ‘प्रूफिंगटूल्स’, भाषा ‘एमआर-आयएन’ आणि ‘जीयू-आयएन’, त्याच /कॉन्फिगरने. एचआरच्या ४ मशीनसाठी म्हणून तिसरी फाइल होईल, आणि त्यातही एक्सक्लूडॲपची पूर्ण यादी लिहा. सोर्समध्ये या भाषांच्या फाइली डाउनलोड केलेल्या हव्यात. यातून मराठी कीबोर्ड येत नाही, तो विंडोजच्या भाषा सेटिंगमधून.

व्हीबीए: २०१६ मध्ये ‘व्हीबीएफाइल्स’ ॲब्सेंट करता येतं, २०२१ मध्ये नाही. त्यापेक्षा ग्रुप पॉलिसीतलं ‘डिसेबल व्हीबीए फॉर ऑफिस ॲप्लिकेशन्स’ वापरा. टेम्पलेटवर ‘ऑफिस २०१६’ लिहिलेलं असलं तरी २०२१ ला तेच लागतं, दोघांची रजिस्ट्री १६.० वरच आहे. अकाउंट्स-स्टोअर्सला हे लावू नका, ॲक्सेसचे विझार्ड व्हीबीएवरच चालतात. भीती फक्त मेलमधून आलेल्या मॅक्रोंची असेल तर इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो अडवण्याची पॉलिसी पुरते, पूर्ण व्हीबीए बंद करायची गरज नाही.

दांडियाबाजारकर
आउटलुक काढण्याआधी लोकांना सांगून ठेवा: एक्सेलमधून फाइल थेट मेलने पाठवणं बंद होईल. आणि विंडोज ११ वर टास्कबारला जो नवा आउटलुक दिसतो तो ऑफिसचा भाग नाही. एक्सक्लूडॲपने तो जात नाही, विंडोजचं पॅकेज म्हणून वेगळा काढावा लागतो. ‘काढलं म्हणता, पण आहे की’ असे फोन यामुळेच येतात.

शेअर_आधी_तपासा
थोडं वेगळं मत. २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. त्या १४ मशीनसाठी एमएसआयची फाइल घडवण्यात दोन दिवस घालवायचे की तीच वेळ नव्या आवृत्तीवर न्यायला वापरायची, याचा विचार करा. २०२१ चाही सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, म्हणून घ्यायचंच तर २०२४ घ्या. त्यात पब्लिशर नाहीच, एक ओळ वाचली. जाताना एक्सएमएलमध्ये ‘रिमूव्हएमएसआय’ लिहा, कारण जुनं एमएसआय आणि नवं क्लिक-टू-रन एका मशीनवर नांदत नाहीत. डिप्लॉयमेंट टूलही ताजं उतरवा, जुन्या सेटअपला २०२४ ची नावं कळत नाहीत.

मकरपुरा_सिस्टिम
लायसन्सचं वरच्यांना विचारून पाहतो. तोपर्यंत १४ पैकी अकाउंट्स-स्टोअर्सची ५ सोडून बाकी ९ वर फक्त आउटलुक-पब्लिशर-स्काइप ॲब्सेंट करतो, ॲक्सेसला हात लावत नाही. २०२१ चं पूर्ण, शेड्यूल्ड टास्कनेच.