द्राक्षांवरील यीस्ट : जुना तक्ता एक नाव सांगतो, सिक्वेन्सिंग दुसरे

प्रश्न : मिरज_सूक्ष्म
नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी तासगाव भागातील द्राक्षमण्यांच्या सालीवरून यीस्ट वेगळे केले असून त्यांतील दोन कल्चरांबाबत अडचण आली आहे. पहिल्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लिंबासारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात आणि कलिका फक्त त्या टोकांवरच फुटते. विभागातील जुन्या तक्त्याप्रमाणे ते क्लोकेरा एपिक्युलाटा ठरते. दुसरे प्लेटवर सपाट, कोरडे आणि सुरकुतलेले वाढते, ग्लुकोज आंबवते पण सुक्रोज आंबवत नाही. तक्त्याप्रमाणे ते कँडिडा क्रुसेई. डी१/डी२ भागाच्या (यीस्ट ओळखण्यासाठी वापरला जाणारा, राइबोसोमच्या जनुकातील डीएनएचा तुकडा) सिक्वेन्सिंगचा, म्हणजे त्यातील अक्षरे क्रमाने वाचण्याचा, अहवाल मात्र अनुक्रमे हान्सेनियास्पोरा उव्हारम आणि पिकिया कुद्रियावझेव्ही असा आला. नळ्यांची अदलाबदल झाली असेल का? आणि वर्गीकरण पक्के करण्यासाठी संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतील सगळा डीएनए, वाचून घ्यावा लागेल का?

उत्तर : अजिंक्यतारा_सातारा
अदलाबदल झालेली नाही. तक्ता आणि अहवाल एकाच जिवांबद्दल बोलत आहेत. बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना स्वतंत्र नावे देण्याची मुभा पूर्वी होती. आपल्या लिंबाच्या आकाराच्या यीस्टची बीजाणू न बनवणारी अवस्था क्लोकेरा आणि बीजाणू बनवणारी अवस्था हान्सेनियास्पोरा म्हणून नोंदली गेली. २०११ च्या मेलबर्न परिषदेत ही दुहेरी पद्धत बंद करण्याचे ठरले आणि २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव हा नियम लागू झाला.

कँडिडाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ज्या यीस्टची लैंगिक अवस्था सापडत नसे, ते बहुधा कँडिडा या वंशात टाकले जाई. माझ्या मते तो वंश नव्हताच, ती अडगळीची खोली होती. कँडिडा अल्बिकन्स सीटीजी हा तीन डीएनए-अक्षरांचा संकेत ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन या अमिनो आम्लासाठी आहे असा वाचते. आपले दुसरे यीस्ट तो इतर बहुतेक सजीवांप्रमाणे ल्युसीन असाच वाचते. ज्यांचा जनुकीय संकेतच जुळत नाही, त्यांना निव्वळ पेशींच्या आकारावरून आणि साखरेच्या चाचण्यांवरून एका घरात नांदवले गेले होते. कँडिडा ग्लॅब्राटा म्हणून ओळखले जाणारे यीस्टही कँडिडा अल्बिकन्सपेक्षा पावाच्या यीस्टला अधिक जवळचे निघाले.

उत्तर : कृष्णाकाठ
जीनोमबाबत मी थोडा वेगळा विचार मांडतो. नाव ठरवणे आणि नाते ठरवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यासाठी डी१/डी२ हा सुमारे ६०० अक्षरांचा तुकडा बहुधा पुरतो. कर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी १९९८ मध्ये शेकडो यीस्ट तपासून दाखवले की एकाच प्रजातीच्या वाणांत या भागात सहसा तीनपेक्षा जास्त अक्षरांचा फरक नसतो, आणि सहा किंवा अधिक अक्षरांचा, म्हणजे सुमारे एक टक्का, फरक असेल तर प्रजाती वेगळ्या समजाव्यात. हान्सेनियास्पोरा वंशातील काही प्रजाती मात्र एकमेकींच्या फार जवळच्या असल्याने, तेथे आयटीएस (राइबोसोमच्या जनुकांमधला) भाग किंवा अ‍ॅक्टिनचे जनुक जोडून पाहणे बरे.

दुसऱ्या कामाला हा तुकडा अपुरा पडतो. पावाच्या यीस्टचा सुमारे १.२ कोटी अक्षरांचा जीनोम १९९६ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी वुल्फ व शील्ड्स यांनी त्यातील जोडीजोडीने आढळणाऱ्या जनुकांच्या पट्ट्यांवरून मांडले की त्याच्या पूर्वजात संपूर्ण जीनोम दुप्पट झाला होता. एकच जनुक पाहून हे कधीच कळले नसते. लागर बिअरचे यीस्टही तसेच. ते संकर आहे, त्याचा एक पालक पावाचे यीस्ट आणि दुसरा २०११ मध्ये पॅटागोनियातून नोंदवला गेलेला सॅकॅरोमायसीस युबायानस. संकराला एकच वंशरेषा नसते, त्यामुळे एका जनुकावरून काढलेला वंशवृक्ष त्याच्याबाबतीत अर्धेच सांगतो.

आपल्या हान्सेनियास्पोराची गंमत आणखी वेगळी आहे. पावाच्या यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुके आहेत, तर याच्याकडे जेमतेम ४,००० च्या आसपास. पेशीविभाजनावर देखरेख ठेवणारी आणि डीएनएची दुरुस्ती करणारी कित्येक जनुके या शाखेने गमावली असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणामी तिच्यात बदल भराभर साचत गेले आणि वृक्षात तिची फांदी विलक्षण लांब दिसते. थोड्या माहितीवर वृक्ष काढल्यास अशा लांब फांद्या उगाच एकमेकींना चिकटतात. म्हणून आपण वृक्ष काढाच, पण त्यावरून वंशांच्या उगमाविषयी विधान करू नका. ते २०१८ मध्ये ३३२ यीस्टच्या जीनोमवरून काढलेल्या वृक्षाच्या आधारे करा. त्यात कलिकायन करणाऱ्या यीस्टच्या बारा मुख्य शाखा दिसतात.

प्रतिसाद : मिरज_सूक्ष्म
दोघांचे आभार. मग प्रबंधात जुनी नावे गाळावीत का?

उत्तर : अजिंक्यतारा_सातारा
गाळू नका, पहिल्या उल्लेखात नव्या नावापुढे जुने नाव द्या. दुसऱ्या कल्चरबाबत तर ते आवश्यकच आहे, कारण रुग्णालयांच्या अहवालांत अजूनही क्रुसेई हेच नाव आढळते आणि हे यीस्ट फ्लुकोनॅझोल या बुरशीरोधक औषधाला उपजतच दाद देत नाही. अन्नाच्या किण्वनात वापरले जाणारे वाण आणि रुग्णांकडून मिळालेले वाण ही एकच प्रजाती असल्याचे जीनोमनेच दाखवले आहे. तेव्हा द्राक्षावर सापडले म्हणून ते निरुपद्रवी समजून तोंडाने पिपेट ओढू नये. तुलनेसाठी संदर्भ कल्चर पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहाकडे मागता येईल. अर्ज विभागप्रमुखांमार्फत करावा.