शेगावचं टक्कल: नुसतं रक्त तपासून संशोधन होतं का?

निळकंठ_पुणे
बोरूबहाद्दर यांचं कालचं लिखाण वाचून राहवलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात तीन-चार दिवसांत लोकांना टक्कल पडलं, आयसीएमआरची (म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) पथकं आली, नमुने घेऊन गेली, एकट्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पदरमोड करून रेशनच्या गव्हातलं सेलेनियम (फार पोटात गेलं तर केस गळवणारं मूलद्रव्य) शोधलं. सबब विज्ञानसंस्था नापास.

बावस्करांना नमस्कारच आहे. महाडला बसून विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवणारा माणूस! पण पहिल्या पंधरवड्यात काय काय म्हटलं गेलं ते आठवा. शांपू. बुरशी. मग पाण्यातलं नायट्रेट. अहो, खारपाणपट्ट्यातलं पाणी काय काल खारट झालं? केस डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्येच का गळावेत? आधी रुग्ण कुणाला म्हणायचं ते ठरवा. मग यादी करा: गाव, वय, तारीख, काय खाल्लं. आणि त्याच गल्लीत ज्यांचे केस शाबूत आहेत त्यांचीही तीच यादी. ही दुसरी यादी नसेल तर रक्तात जे सापडेल तेच कारण वाटू लागतं.

त्याच जिल्ह्यातलं लोणारचं तळं २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा कमी का तर्क झाले? पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुना स्थिर ठेवला, गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ! रंग पाण्याचा नव्हताच, खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. असं काम हवं.

बोरूबहाद्दर
लोणारच्या तळ्याला सोयरीक जमवायची नसते, साहेब. ते थांबू शकतं.

आणि सेलेनियम काय हवेतून आलं? चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शीला १९६० च्या दशकात गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली, कारण सेलेनियम. अमेरिकेत २००८ मध्ये एका पूरक औषधात छापील मात्रेच्या २०० पट सेलेनियम पडलं आणि दोनशेच्या वर माणसं आजारी पडली, त्यांचेही केस गेले. शेगावात पुढे नखंही गळायला लागली. अजून कसली यादी हवी?

निळकंठ_पुणे
तुमचंच अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे बाटली हातात होती, कुणी किती घेतलं ते मोजता आलं. इथे स्थानिक गव्हाच्या ६०० पट सेलेनियम सांगितलं गेलं. कबूल. पण किती पोती तपासली? तोच गहू शेजारच्या गावात गेला का? गेला असेल तर तिथले केस का नाही गळाले? हे विचारणं म्हणजे बावस्करांचा अपमान नव्हे.

गजानन_वऱ्हाडी
तुमी दोघंही भांडा. माह्या मावसबहिणीच्या पोरीनं सकायी फणी फिरवली तं अर्धी वेणी फणीत. चौथ्या दिवशी डोक्यावर रुमाल. पाहुणे येणार होते, त्यायनं फोनच उचलला नाही. न्हावी म्हणे, मी हात लावत नाही. मग पथक आलं, रक्त घेतलं, केस घेतले, फोटो काढले. कागद? आजपर्यंत कागद नाही दिला. केस आले वापस, पण सोयरीक नाही आली.

तुमची दुसरी यादी कोनी मागतली असती तं आमीच करून देल्ली असती. इचारलंच नाही ना कोनी!

मीनल_नाशिक
रेशनचं नाव निघालंच आहे तर प्लास्टिकच्या तांदळाबद्दलही बोला. पाण्यात टाकला की वर तरंगतो. मी स्वतः पाहिलंय.

निवृत्त_पुरवठा
ताई, ते प्लास्टिक नाही. पोषणयुक्त दाणा आहे तो, लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेला. प्रमाण १०० किलो तांदळाला १ किलो. हलका असतो म्हणून तरंगतो. सांगून सांगून जीभ झिजली.

मीनल_नाशिक
म्हणजे गरिबांच्या ताटात न विचारता काहीही मिसळायचं, आणि आम्ही दाणा तरंगवून पाहिला की आम्ही अडाणी?

निवृत्त_पुरवठा
अडाणी कोण म्हणालं? नोकरीभर हेच ऐकलं. गहू किडका, दोष आमचा. केस गळाले, दोष आमचा. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम आहे हे शेतकी शास्त्रज्ञांना कित्येक दशकं ठाऊक आहे, जनावरांचे खूर तडकायचे तिथे. तिकडून रेशनला आलेला गहू वेगळा काढायचं काम कारकुनाचं होतं का?

बोरूबहाद्दर
घ्या! म्हणजे माहिती आधीपासून होती. जमिनीचं खातं वेगळं, धान्याचं वेगळं, आरोग्याचं वेगळं. त्वचारोगवाला डोकं बघतो, पाणीवाला बोअर बघतो, पोतं कुणीच बघत नाही. एका माणसाने ते उघडलं तर त्याच्याकडे दुसरी यादी मागता.

निळकंठ_पुणे
त्यांच्याकडे नाही, पथकांकडे मागतोय. माझं मूळ लेखन पुन्हा वाचा. वाचायची सवय असेल तर.

बोरूबहाद्दर
वाचलं. चला, दुसरी यादी हवी, तुमचा विजय असो. पेढे वाटा. पण ती पहिल्या आठवड्यात करायची असते. आता कुणाला आठवणार डिसेंबरात कोणत्या पोत्याचं दळण टाकलं ते?

निवृत्त_पुरवठा
माग काढता येतो. बारदानावर हंगामाचं वर्ष आणि खरेदी करणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो. गोदामातून कुठल्या दुकानाला कधी किती गेलं याचीही नोंद असते.

गजानन_वऱ्हाडी
बारदान? आमाले गहू थैलीत मोजून भेटते, साहेब. बारदान दुकानदार इकते.