अनुभव धागा : मिदी कालव्याचा काठ आणि शेजारचे चढउतार

मागच्या सप्टेंबरात मी आणि माझी धाकटी बहीण तुलूजहून निघून भूमध्य समुद्राकाठच्या खाजणापर्यंत सायकलने गेलो. कनाल द्यु मिदीच्या काठाने २४० किलोमीटर, सहा दिवस. परत आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

काठाच्या वाटेवर सगळं सपाट. पाणी शांत, दोन्ही बाजूंना झाडांची रांग. पहिले दोन दिवस आम्हाला वाटलं की हा प्रदेशच सपाट असावा. तिसऱ्या दिवशी टेकडीवरची पवनचक्की बघायला म्हणून लोरागे या टेकड्यांच्या भागातल्या एका आडरस्त्याला वळलो आणि पहिल्याच चढावर छाती भरून आली. कापणी झालेली गव्हाची शेतं, माना टाकलेली सूर्यफुलं आणि लाटांसारख्या एकामागून एक टेकड्या. वर पोचून मागे पाहिलं तर कालव्याचं पाणी दिसेना, फक्त झाडांची हिरवी रेघ, टेकड्यांच्या कुशीतून वळणं घेत गेलेली. ही रेघ इथून नेणं किती अवघड होतं ते मला त्या चढावर कळलं.

त्याच दिवशी दुपारी नोरूजला पोचलो. कालव्याचा हा सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर. इथे येणारं पाणी एकीकडे अटलांटिककडे जातं, दुसरीकडे भूमध्याकडे. महाबळेश्वरला वाढलेल्या माणसाला हे नवं नाही, पण तिथे ही वाटणी डोंगर करतो. इथे ती १७व्या शतकातल्या माणसांनी केली आहे. बहिणीने काठावरचं एक पान पाण्यात सोडलं आणि ते कुठल्या बाजूला जातं ते बघत आम्ही बराच वेळ बसलो.

या कालव्याकाठी किंवा फ्रान्समधल्या अशा कुठल्याही चढउतारांच्या रस्त्यांवर कोणी सायकल चालवली असेल तर सविस्तर लिहा. नुसते फोटो नकोत.

* * *

तुलूजहून

विमान उद्योगातल्या नोकरीमुळे गेली नऊ वर्षं इथे आहे. शनिवार-रविवार सायकलवरच असतो. जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी लिहितो.

तुलूजपासून पहिले ५० किलोमीटर गुळगुळीत डांबरी सायकलमार्ग आहे, रोड बाईकच्या बारीक टायरना अगदी योग्य. पुढे ओद जिल्हा लागला की मातीची वाट आणि मुळं. तिथे ३५ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचे टायर आणू नका, नाहीतर शेजारचे 'डी' क्रमांकाचे छोटे रस्ते धरा. या रस्त्यांवर गाड्या मोजक्या, आणि गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे. मात्र गावात शिरताना उजवीकडच्या गल्लीवर डोळा ठेवा. पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. आपल्याकडून आलेल्या माणसाला याची सवय व्हायला वेळ लागतो.

पाणी संपलं तर गावाची स्मशानभूमी शोधा. तिथे फुलझाडांसाठी नळ असतो आणि इथले सायकलवाले सर्रास त्यावर बाटल्या भरतात. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र ते पाणी पिऊ नका. दुपारी १२ ते २ दुकानं बंद, सोमवारी बऱ्याच गावांत पावाचं दुकानही बंद. रविवारीच सोय करून ठेवा.

आणि वारा! आग्नेयेकडून येणारा ओतान सुटला की समुद्राकडे जाणारा माणूस सपाटीवर घाट चढल्यासारखा दमतो. उलटा, वायव्येचा सेर्स असेल तर पाठीवर हात ठेवून कोणी ढकलावं तसं वाटतं. निघण्याआधी वारा बघा, पाऊस नंतर.

* * *

कोल्हापूरहून

आम्ही नवराबायको, भाड्याच्या सायकली. कार्कासोनच्या पुढे त्रेबजवळ माझं मागचं चाक मुळावर आपटलं आणि ट्यूब गेली. सोबत दिलेली दुसरी ट्यूब चुकीच्या मापाची निघाली. तिथल्या लॉकवरच्या, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदावरच्या, बाई घरातून पाण्याची बादली घेऊन आल्या. ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला, काचकागदाने घासून ठिगळ लावलं. आमच्या गल्लीतला पंक्चरवाला करतो अगदी तसंच. त्यांना मराठी-इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला फ्रेंच, पण बुडबुडा दिसल्यावर आम्ही तिघंही एकदमच "हां!" म्हणालो.

त्यांच्या घराच्या भिंतीवर एक जुनी पाटी होती. अलीकडचं लॉक किती मीटरवर, पलीकडचं किती, एवढंच तीवर कोरलेलं. पुढे प्रत्येक लॉकच्या घरावर ती पाटी शोधायची सवयच लागली.

* * *

राहुरीहून

वनस्पतिरोगशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं लक्ष झाडांकडेच होतं. कालव्याकाठची झाडं प्लेनची, म्हणजे काश्मिरी चिनाराच्या भावकीतली. एकेकाळी सुमारे ४२,००० होती. २००६ मध्ये या कालव्यावर 'शांक्र कोलोरे' हा बुरशीजन्य रोग सापडला. बुरशी झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते, त्यामुळे भलं थोरलं झाडही काही वर्षांत वाळतं. एका झाडाची मुळं शेजाऱ्याच्या मुळांना जोडलेली असतात, त्यातून रोग पुढे सरकतो, आणि बोटींचे दोर खोडांना बांधल्याने सालीला झालेल्या जखमांतूनही. उपाय एकच : झाड तोडून जाळणं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांबरोबर ही बुरशी युरोपात आली असं मानतात.

कापलेल्या खोडांचा एक लांब पट्टा लागला तिथे मी सायकलवरून उतरून चालत गेले. ऊन थेट डोक्यावर. पलीकडे काठीला बांधलेली नवी रोपं, जेमतेम माझ्या उंचीची. आता वेगवेगळ्या जाती मिसळून लावताहेत, म्हणजे पुन्हा एकच रोग सगळी रांग नेणार नाही. सावलीसाठी या काठाला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून टोपी आणि जास्तीचं पाणी जवळ ठेवावं.

* * *

पुण्याहून

कालवा नाही, पण चढउतारांबद्दल लिहितो. २०१९ च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला गेलो होतो. रांबूयेहून निघून १,२०० किलोमीटर, वेळ ९० तास. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर कापायच्या सायकलफेऱ्या, करणारे आपल्याकडचे बरेच जण होते.

आपल्याला घाटाची सवय. खंबाटकी लागला की एक गिअर लावायचा, श्वास जुळवायचा आणि वर पोचेपर्यंत तसंच जायचं. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतात ते चालत नाही. अर्धा किलोमीटर चढ, अर्धा उतार, पुन्हा चढ. एकही चढ मोठा नाही, पण बेरीज १२,००० मीटरच्या आसपास जाते. माझी पहिली चूक म्हणजे प्रत्येक चढ जोर लावून संपवला. कारहे गावाच्या अलीकडे गुडघा बोलू लागला. तिथे एका वयस्कर फ्रेंच स्वाराने हाताने खूण करून दाखवलं : उतार संपायच्या आधी गिअर हलका कर, वेग तोच पुढच्या चढावर वापर. उरलेला रस्ता मी त्या एका खुणेवर काढला.

रात्री थंडी कडाक्याची. पहाटे तीनला एका घरापुढे टेबल, त्यावर कॉफीचा थर्मास आणि क्रेप. पैसे काढले तर आजींनी हात मागे घेतला आणि "बों कुराज" (हिंमत ठेवा) म्हणाल्या. सोबत नातू जागा होता, आमच्या पाट्यांवरचे देश वहीत लिहून घेत होता.

* * *

सांगलीहून

वय ६८, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलीकडे माँपेलियेला आलो होतो, तेव्हा बॅटरीच्या सायकलवर चार दिवस हिंडलो. वर धागाकर्तीने नोरूजबद्दल लिहिलं आहे, त्याला जोडून लिहितो.

कालवा खणणं हा मोठा प्रश्न नव्हता. माथ्यावर पाणी कुठून आणायचं, हा होता. लॉकचं दार उघडलं की एक हौदभर पाणी खाली जातं, आणि माथ्यावरून दोन्हीकडे जातं. पिएर-पोल रिके हा मिठाच्या कराची वसुली करणारा माणूस, अभियंता नव्हे. काळ्या डोंगरातले ओढे अडवून ते पाणी नोरूजला उतरवायचं हे त्याने ताडलं. त्यासाठी सँ-फेरेओलचं धरण बांधलं आणि तिथून 'रिगोल' काढली. रिगोल म्हणजे आपला पाट! मी तिच्या काठाने सुमारे ४० किलोमीटर गेलो. टेकडीच्या कडेने, कुठेही घाई न करता, अगदी किंचित उतारावर वाहते. आयुष्यभर समपातळीच्या रेषा आखल्या आहेत मी. आजची यंत्रं नसताना ती रेषा कोणी अशी धरली असेल, या विचाराने अंगावर काटा आला.

१६६६ मध्ये राजाज्ञा, १६८१ मध्ये कालवा खुला. ऐन भरात सुमारे १२,००० माणसं कामावर होती, त्यांत बायकाही पुष्कळ. पावसाच्या आणि सणावारांच्या दिवसांचीही मजुरी मिळे. कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये रिके वारला.

लॉकच्या भिंती लंबगोल आहेत ते दिसायला बरं म्हणून नव्हे. सुरुवातीच्या एका लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबाने कोसळली होती. कमान आडवी पाडली की दाब कडेला वाटला जातो. बेझिएला फोंसेरानला अशा आठ हौदांचा जिना आहे, सुमारे २१ मीटर उंचीचा. तिथे मी अर्धा दिवस बसून होतो. बोट वर चढताना बघणारी पोरं टाळ्या वाजवत होती.

पण सगळ्यांत आवडलं मालपास. टेकडीच्या पोटातून १६५ मीटरचा बोगदा, कालव्यासाठी काढलेला युरोपातला पहिला. दगड भुसभुशीत निघाला आणि विरोधकांनी काम थांबवण्याचा घाट घातला, तरी रिकेने तो पार केला. त्याच्या खाली रेल्वेचा बोगदा आहे, आणि त्याच्याही खाली १३व्या शतकातली मोरी, माँतादीचं तळं उपसण्यासाठी काढलेली. सायकल बोगद्याच्या तोंडाशी लावून टेकडीवर चढा. वरून ते आटवलेलं तळं दिसतं : मधोमध एक ठिपका, आणि त्याच्याकडे येणारे चर, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. सगळं पाणी अजून त्या ठिपक्यात उतरतं आणि माझ्या पायांखालच्या टेकडीतून पलीकडे जातं.

* * *

धागाकर्ती

काका, आम्ही मालपासला बोगद्यातून चालत गेलो आणि तसेच पुढे निघालो, वर चढलोच नाही! पुढच्या मे महिन्यात बहिणीची सुट्टी ठरते आहे. रिगोलच्या काठाची वाट पावसानंतर चिखलाची होते का, आणि सँ-फेरेओलजवळ मुक्कामाची सोय कुठल्या गावात बघावी? तुलूजकरांनीही सांगावं.