हाताशी नसलेली बंदूक

'ज्याला जीव द्यायचाय तो दुसरा मार्ग शोधतोच' असं कुणीतरी लिहिलंय. नाही पटलं. जीव द्यावासा वाटण्याची ती घालमेल बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात बंदूक हाताशी नसली तर माणूस वाचू शकतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून बंदुका घेतलेल्या तिघांनी आठवड्याभरात आत्महत्या केल्या. मग तिथले दुकानदारच पुढे सरसावले: गिऱ्हाईक खचलेलं वाटलं तर विक्री टाळायची, दुकानात हेल्पलाइनचं पत्रक लावायचं. शिकारी आधी शिकाऱ्याचं ऐकतो, डॉक्टरचं नंतर!

आमच्या सिंधुदुर्गात निवडणूक लागली की काकांची शेतीसंरक्षणाची बंदूक पडवीतल्या खुंटीवरून उतरून पोलीस ठाण्यात जाते. तेव्हा कुणाला कमीपणा वाटत नाही. मग घरात कुणी जेवेनासा, बोलेनासा झाला की बंदूक घराबाहेर ठेवायला एवढा संकोच का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे.